काठी मोडो, झ्येमेक

"एक मिनिट गप्प बसून दाखव, बोग्ना," झ्येमेक कुंपणापलीकडून म्हणाला, "मग मासे पकडायच्या गोष्टी कर."

हा लांबोडका शेजारी वर्षभर आमच्या गावात होड्या दुरुस्त करत होता. आणि आता सोमवारच्या बसनं ग्दान्स्कच्या गोदीत चालला होता… कायमचा. तो जायला नको होता मला. हे मी आमच्या कोंबड्यांनाही सांगितलं होतं, फक्त त्याला सोडून.

"लाव पैज," मी म्हटलं. "रविवारी, चर्चची घंटा होईपर्यंत. ज्याचा श्चुपाक लांब, तो जिंकला."

श्चुपाक म्हणजे आमच्या तळ्यातला दरोडेखोर मासा. बदकासारखं तोंड, आत करवत.

"आणि हरलीस तर?"

"धक्क्यावर, गावासमोर, तुझ्या माशाचा मुका घेईन. तू हरलास तर… बस सोडायची. हिवाळ्यापर्यंत इथंच."

तो माझ्याकडे बघत राहिला. जरा जास्तच.

"हिवाळ्यापर्यंतच?" म्हणाला, आणि एकदम रंधा शोधायला लागला.

"मोजपट्टी माझी," पलीकडच्या अंगणातून गेरार्डकाका ओरडले. त्यांना सगळं ऐकू येतं.

रविवारी पहाटे तळ्यावर धुकं. झ्येमेकच्या होडीत काका पंच म्हणून बसलेले. आमच्याकडे गळ टाकणाऱ्याला 'काठी मोडो' म्हणतात, म्हणजे गळाची काठी मोडेल एवढा मोठा मासा लागो. 'भरपूर मासे मिळोत' म्हटलं की दिवस फुकट. आणि आभार तर मानायचेच नाहीत, उरलंसुरलं नशीबही बुडतं.

मी होडी जवळ नेली. आवाजात साखर घातली.

"झ्येमेक… भरपूर मासे मिळोत हं तुला."

काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. झ्येमेकचे कान लाल झाले. त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं.

"धन्यवाद," तो म्हणाला.

माझं वल्हं हातातच राहिलं. वर्षभर या तळ्याकाठी राहिलेला माणूस हे चुकून बोलत नाही.

मग मी जिद्दीलाच पेटले. लव्हाळ्याच्या कडेनं गळ फेकत राहिले, खांदे भरून आले तरी. शेवटी एक लागला… एकसष्ट सेंटिमीटर. तेवढ्यात पलीकडे त्याची काठी वाकली.

"अरे, दोरी ताण की," काका म्हणाले.

"राहू द्या हो. सुटला तर सुटू दे."

सैल दोरीवरही तो मूर्ख मासा सुटेना. काकांनी आनंदानं जाळी घातली. चौऱ्याहत्तर.

"जिंकलास रे," काका म्हणाले. झ्येमेकचा चेहरा मयताला आल्यासारखा.

घंटा झाली. प्रार्थनेला निघालेलं अख्खं गाव आधी धक्क्यावर आलं, पाद्रीबाबासुद्धा. मी मासा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडावर मुका घेतला. अर्धवट नाही, नीट. ओठाला दात लागला. हनुवटीवर बुळबुळीत चिकटा. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"फिटली पैज," मी म्हटलं. मासा अजून हातातच. "आता पैजेशिवाय विचारते, झ्येमेक. थांबतोस?"

टाळ्या थांबल्या. पाद्रीबाबांनी घड्याळ बघायचं सोडलं.

झ्येमेकनं खिशातून रुमाल काढला. माझ्या हातातला मासा काकांच्या हातात दिला.

"थांबतो," तो म्हणाला. "पण आधी तोंड पुसू दे."

आणि माझी हनुवटी धरून, गावासमोर, त्यानंच पुसलं. बराच वेळ पुसत होता.