आत ओढलेल्या बाह्या

ही गोष्ट खरी आहे. आणि रात्रीची नाही.

भुताची गोष्ट म्हटली की सगळ्यांना अमावस्या लागते, सुनसान रस्ता लागतो. माझ्या बाबतीत जे घडलं ते भर दुपारी, चिकपेटच्या गर्दीत. मागच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावरच्या बुधवारी. सव्वातीन वाजले होते. घड्याळ समोरच होतं म्हणून वेळ सांगते.

माझं नाव विद्याश्री. आम्ही भावसार, शिवणकामातले. पाच पिढ्या बेंगळुरात गेल्या. खाली आमच्या ह्यांचं, म्हणजे गिरीधरांचं, चेन-बटणांचं दुकान आहे. वरच्या माळ्यावर माझी दोन मशिनं. वर यायला एकच जिना, तोसुद्धा ह्यांच्या खुर्चीमागून. हे लक्षात ठेवा.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मी संशयी आहे. दूधवाला हसला तर मी दूध उकळायच्या आत चाखून बघते. घरचे चेष्टा करतात, करोत.

माझ्याकडे हल्ली ब्लाउज येत नाहीत. ट्रेकवाल्यांची जॅकेटं येतात. इथली आयटीतली मुलं सुट्टी मिळाली की बर्फात पळतात. एवढे जाड कपडे विकत कोण घेणार? भाड्याने नेतात, फाडून आणतात, मी शिवते. अवधूत म्हणून पुण्याचा एक मुलगा आहे, नोकरी सोडून त्याने हे भाड्याचं दुकान काढलंय. पोतं भरून माल आणून टाकतो.

त्या मंगळवारीही त्याने पोतं आणलं. वरचंच जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. केशरी रंगाचं, आत पिसं भरलेलं.

"काकू, हे आधी करा. हे आपल्या सुखदाला. फुकट."

सुखदा माझी मुलगी. चोवीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तिने औलीला चौदा दिवसांचा स्कीइंगचा कोर्स घेतला होता, शुक्रवारी निघायचं होतं. बर्फ तिने तोवर फ्रीजमध्येच पाहिलेला. पण दोन महिने बनशंकरी भागातल्या आमच्या घरी ती भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखी बसायची. गुडघे पक्के व्हायला म्हणे! मी केर काढताना तिला वळसा घालून जायची.

एकुलती एक पोर. पहिल्यांदाच इतकी लांब चाललेली. माझा जीव आधीच टांगणीला लागला होता.

आणि त्यात हे फुकटचं जॅकेट.

अवधूत दोरीचासुद्धा हिशोब सांगणारा मुलगा. तो फुकट का देतोय? मला तेव्हाच वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

तो गेल्यावर मी जॅकेट टेबलावर पसरलं.

चेन तुटलेली होती. आणि कुणीतरी समोरची बाजू खालपासून गळ्यापर्यंत शिवून टाकली होती. जाड, मेणचट दोऱ्याने. मोठाले, वेडेवाकडे टाके.

डोंगरावर चेन तुटली तर लोक असं काहीतरी करतात, मला ठाऊक आहे. पण शिवण संपली की गाठ येते. ती गाठ मला सापडेना.

मी टाके उसवले... जॅकेट उघडलं...

गाठ आतून होती. गळ्याशी.

आणि मला बाहेरून नुसत्या दुमडलेल्या वाटल्या त्या दोन्ही बाह्या आत ओढलेल्या.

पंचवीस वर्षं मी दुसऱ्याचे टाके वाचतेय. हा दोरा बाहेरून कुणी घातलेला नव्हता. ज्याच्या अंगावर जॅकेट होतं, त्यानेच थंडीने हात आत घेतले होते. मग आत बसून, अंधारात, स्वतःला शिवून घेतलं होतं.

मग तो माणूस बाहेर कसा आला?

आमच्या घरात एक नियम आहे. अंगावरचा कपडा शिवायचा नाही. शिवायची वेळच आली, तर ज्याच्या अंगावर आहे त्याच्या दातात दोरा द्यायचा. माझ्या सासूबाई, इंदिराबाई, सांगायच्या, "अंगावर शिवतात ते गेलेल्याचं. हा जिवंत आहे हे सुईला कळायला पाहिजे."

मी तडक अवधूतला फोन लावला.

"हे कुणी शिवलं होतं रे?"



"मला तसंच मिळालं, काकू. टेन्शन नका घेऊ. मस्त पीस आहे."

त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत नवी चेन बसवली. काम हातात घेतलं की पुरं करायचं, ही खोडच आहे माझी.

संध्याकाळी पाचला सुखदा आली. कानाला फोन, मैत्रिणीशी बडबड चालू. मी काही बोलायच्या आत तिने जॅकेट चढवलंसुद्धा.

"सुखदा, ते काढ. मला ते आवडलेलं नाही."

"का? फुकट ते पौष्टिक, आई!" तिने आरशात बघून गिरकी घेतली. "इथे खाली स्वल्प सुटलंय बघ."

चेनचं खालचं टोक सुटलं होतं. सुई माझ्या हातातच होती. खाली वाकले, दोन टाके घातले, दोरा दाताने तोडला. डोक्यात अवधूत होता. मी त्याला उद्या काय काय सुनवायचं ते ठरवत होते.

मग तिच्याशी वाद घालून जॅकेट काढायला लावलं, कोपऱ्यातल्या मापाच्या पुतळ्याच्या अंगात घातलं आणि आम्ही घरी गेलो.

बुधवारी सकाळी वर आले तर...

बाह्या आत.

बाह्या मी स्वतः सरळ केल्या होत्या. कुलूप आमचंच, किल्ली ह्यांच्याकडे. मी जिन्यातूनच ओरडले, "माझ्या जॅकेटला हात कुणी लावला?"

"मी कशाला लावतो?" हे खालून म्हणाले. "सकाळपासून तुझ्याआधी वर कोण गेलंय?"

मी बाह्या बाहेर काढल्या. अकरा वाजता बटणं आणायला खाली गेले. दोन मिनिटं लागली असतील. हे एका गिऱ्हाइकाला रिळं दाखवत होते, जिन्यासमोरून हललेले नव्हते.

वर आले.

बाह्या आत.

तरीही मला भूत आठवलं नाही बरं का. मला माणसंच आठवली. वाटलं, सुखदाने आतून इलास्टिक लावून माझी गंमत केली असेल. अस्तर चाचपून बघितलं. काही नव्हतं. नुसता ओलसरपणा होता, आणि गारवा. लोखंडी कात्री पहाटे हातात घेतली की लागतो तसा.

मग मी ठरवलं, इथून हलायचं नाही. जेवायलाही गेले नाही. पुतळ्याकडे पाठ करून मशीनवर बसले, कारण दुसरं काम थांबलेलं होतं.

सव्वातीन वाजता मी मशीन थांबवलं. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

आवाज नव्हता.

चिकपेटमध्ये दुपारी आवाज नाही? हमाल ओरडत नव्हते. ऑटोचा हॉर्न नव्हता. समोरच्या साडीवाल्याचं गिऱ्हाइकांना रोजचं "बन्नी अक्का, बन्नी", म्हणजे या ताई या, नव्हतं. खिडकी सताड उघडी होती, खाली माणसं चालताना दिसत होती. पण आवाज... एकही नाही.

सुखदाने मला एकदा सांगितलं होतं. बर्फ पडतो ना आई, तेव्हा सगळं एकदम शांत होतं.

मग मागून आवाज आला.

सर्र...

नायलॉन घासल्याचा.

सर्र...

आणि मग बारीक, भराभर... टक टक टक टक...

मला वाटलं मशीनच. पण पाय पायडलवर नव्हता. ते दात होते. थंडीने कुणाचेतरी दात वाजत होते.

मी वळले. एक बाही आत गेलेली होती. दुसरी अर्धी बाहेर होती. ती हळूहळू आत चालली होती... कुणीतरी आतून ओढत असल्यासारखी.

 खोटं कशाला बोलू, मी ओरडलेसुद्धा नाही. जिन्यावरून खाली कशी आले ते मला आठवत नाही. खालच्या पायरीवर पाय पडला आणि हॉर्न, हमाल, साडीवाला, सगळं एकदम कानावर आदळलं.

हे म्हणाले, "विद्या, चेहरा का असा झालाय?"

मी फक्त म्हटलं, "अवधूतला बोलवा. आत्ता."

तो आला. मी त्याला खालीच धरला.

"खरं सांग. कुणाचं आहे ते?"

"काकू, खरंच माहीत नाही हो."

"मग फुकट का दिलंस? तू आणि फुकट?"

तो जमिनीकडे बघायला लागला. मग हळूहळू बोलला. वरच्या एका बर्फाच्या गावात त्याने भाड्याच्या दुकानाचा जुना माल घेतला होता. स्की, बूट, जॅकेटं. त्या दुकानदाराने हे एक केशरी जॅकेट वर फुकट घातलं. नको म्हटलं तरी पोत्यात कोंबलं. म्हणाला, आमच्या गावात हे कुणी अंगावर घेत नाही, तुम्ही लांब न्या.

"आणि तू विचारलं नाहीस?"

"नाही विचारलं. मग माझ्या दुकानात बाह्या... तुम्हालाही दिसलं ना, काकू?"

"मेल्या! आणि माझ्या पोरीच्या अंगावर घालायला निघालास?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाटलं, बर्फात परत गेलं तर तिथेच राहील." मी त्याच्या कानाखाली वाजवणार होते. ह्यांनी हात धरला.

जॅकेट त्यालाच वरून उचलायला लावलं आणि त्याच्या गळ्यात मारलं. सुखदाला दुसरं, जांभळं जॅकेट दिलं. ती रुसली, "आई, तुझ्या संशयाला औषध नाही," म्हणाली. म्हणू दे. शुक्रवारी ती गेली.

ते चौदा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मन चिंती ते वैरी न चिंती. ती रोज फोटो पाठवायची. स्कीवर उभी, पडलेली, पुन्हा उभी. मी प्रत्येक फोटोत आधी बाह्या बघायची. बाहीतून हात बाहेर आहेत ना? असायचे.

ती सुखरूप आली. गॉगलचा पट्टा सोडून सगळा चेहरा रापलेला. मी तिची दृष्ट काढली, देवीला साडी नेसवली. वाटलं, सुटलो.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी ती सोफ्यावर बसून टीव्ही बघत होती. टी-शर्ट घातलेला. बाह्या रिकाम्या लोंबत होत्या. हात आत घेतलेले.

"असं काय बसलीस गं?"

"थंडी वाजतेय."

बाहेर चौतीस डिग्री होतं. पंखा फुल्ल होता.

"हात बाहेर काढ."

तिने खाली बघितलं. "अगं, मी कधी घेतले आत?" आणि हसली.

मी हसले नाही. आत जाऊन अवधूतला फोन केला.

"ते जॅकेट कुठे आहे?"

"इथेच आहे, काकू. सांगणारच होतो तुम्हाला. त्याला आता काही होत नाही! बाह्या एकदम सरळ. तुमच्याकडून आणल्यापासून एकदाही नाही."

फोन हातात तसाच राहिला.

माझ्याकडून नेल्यापासून.

म्हणजे ते आता जॅकेटमध्ये नव्हतंच. ते माझ्या माळ्यावरच त्यातून निघालं होतं...

आणि तेव्हा मला आठवलं. मंगळवार, पाच वाजता. सुखदा आरशासमोर, कानाला फोन. चेनचं खालचं टोक. माझ्या हातातली सुई.

अंगावर. दातात दोरा न देता. त्या टाक्यांनी मी ते तिलाच बांधून दिलं होतं; जॅकेट गेलं, ते तिच्याकडे राहिलं.

मी अवधूतवर संशय घेतला, ह्यांच्यावर घेतला, पोटच्या पोरीवर घेतला. माझ्या स्वतःच्या हाताकडे मी बघितलंच नाही.

आता ते रोज होतं. ऑफिसच्या कॅबमध्येही होतं म्हणे, मैत्रिणी चिडवतात. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, सगळं नॉर्मल. ताप नाही, काही नाही. फक्त थंडी. सुखदाला मी अजून त्या टाक्यांचं सांगितलेलं नाही. तोंड उघडतच नाही माझं.

आज सकाळी सात वाजता तिला उठवायला गेले. ती पाठमोरी झोपली होती. रिकाम्या बाह्या चादरीवर पडलेल्या. मी तिला हळूच सरळ केली.

तिचा झोपायचा शर्ट... समोरून शिवलेला होता. खालपासून गळ्यापर्यंत. जाड, मेणचट दोऱ्याने.

तो दोरा आमच्या घरात नाही. तिला साधं बटण लावता येत नाही.

मी छोटी कात्री घेतली. गळ्याशी गाठ शोधली. बाहेर नव्हती. मी बोट आत घालणार, तेवढ्यात ती झोपेतच बोलली.

"आई, नको उसवू. बाहेर बर्फ पडतोय."

खिडकीत लख्ख ऊन होतं. खाली भाजीवाला ओरडत असणार, रोज याच वेळी येतो. मला मात्र त्याचा आवाज ऐकू आला नाही.

मी कात्री खाली ठेवली. तिच्या पायाशी बसून हे लिहितेय. ती अजून झोपली आहे, आणि तिचे दात वाजताहेत.

सासूबाई आता नाहीत. त्यांनी दोरा दातात द्यायला सांगितलं होतं, पण तो द्यायचा राहिला तर काय करायचं, हे मी कधी विचारलंच नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात कुणी म्हातारं, जाणतं माणूस असेल तर कृपा करून विचारा. काहीही सांगा, मी करीन.

दोनच टाके होते हो.