उघड्या खिडक्यांची गिटार

ही गोष्ट माझ्याच घरात घडलेली आहे. ऐकीव नाही, रचलेली नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझं ठरवून झालंय.

मागच्या वर्षीचा एक बुधवार. दुपारचे सव्वातीन. भरदिवसा.

मी जुन्या इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करते. घराच्या तळमजल्यावर माझं वर्कशॉप आहे. वर मी आणि बाबा राहतो. दोघंच.

बाबांना या धंद्यात सगळे ओळखतात. तीस वर्षांपूर्वी ते गिटारवर एअरब्रशने चित्रं काढायचे. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी नळी, हवेच्या दाबावर रंगाचा बारीक धुरळा उडवणारी. बाबांचं चित्र ठरलेलं. निळ्या अंधारात एक उघडी खिडकी आणि बाहेर उडणारा पडदा. अशा अकराच गिटार आहेत. शौकीन लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

त्या दिवशी एक संग्राहक त्यातलीच एक घेऊन आला होता.

"तुमच्या वडिलांचीच आहे ना, एवढं तपासून लिहून द्या," म्हणाला. "लेकीच्या सहीला वजन असतं."

मी हसले. हातचा मळ होता तो माझ्यासाठी. दोन दिवसांनी या म्हटलं.

तो गेल्यावर खोलीत अंधार केला आणि गिटारवर जांभळा दिवा धरला. या उजेडात जुनं लॅकर, म्हणजे रंगावर चढवलेला पारदर्शक चकचकीत थर, हिरवट चमकतं. खाली काय आहे आणि वर काय, ते लगेच कळतं.

चित्र लॅकरच्या खाली होतं.

बाबांची सही... वर होती.

म्हणजे चित्र पूर्ण झालं, लॅकर चढलं, वाळलं. सही त्यानंतर कधीतरी झाली.

मी स्क्रू काढून गिटारचा दांडा वेगळा केला. दांडा बसतो त्या खाचेत कारागीर कधीकधी खूण करून ठेवतात. तिथे पेन्सिलने तारीख लिहिलेली होती.

ते अक्षर बाबांचं नव्हतं.

ते आत्याचं होतं. बाबांची धाकटी बहीण. लग्न झालं नाही, आमच्याकडेच असायची. मला मुळाक्षरं तिनेच गिरवून घेतली, तिचं अक्षर मी विसरणं शक्य नाही. मी नऊ वर्षांची असताना ती दम्याने गेली, असं मला सांगितलं होतं.

मी तारीख पुन्हा वाचली.

त्या तारखेला आत्या जाऊन चार महिने झाले होते.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला...

फस्स्स.

थोडा वेळ काहीच नाही.

फस्स्स... फस्स्स...

एअरब्रशचा आवाज मी झोपेतही ओळखेन. पण आमच्याकडे एअरब्रश नव्हता. हवेचा पंपसुद्धा बाबांनी केव्हाच काढून टाकला होता. मागच्या खोलीत नुसती अडगळ, आणि तिला बाहेरून कडी.

मग कुणीतरी खोकलं. कोरडं. दाबून धरल्यासारखं.

मी कडी काढली. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. या खोलीला खिडकी नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा *दिसलं*.

ताज्या लॅकरचा वास येत होता. मी भिंतीला हात टेकला. बोटं निळी झाली.

मी तशीच वर गेले आणि हात बाबांसमोर धरला.

त्यांनी बोटांकडे पाहिलं. घाबरले नाहीत. थकल्यासारखे दिसले.

"सगळी चित्रं तिची," ते म्हणाले. "माझा हात तेवढा हलका नव्हता."

"आणि कडी?"

"काम वेळेत व्हायला हवं होतं. ती मध्येच उठून बाहेर जायची."

"हवा खायला जात असेल, बाबा."

त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"आत पंखा तरी होता?"

"होता. बंद ठेवायचो. ओल्या रंगावर धूळ बसते."

असं म्हणाले. जसं मला कामच शिकवत होते.

"ती गेल्यानंतरची तारीख आहे या गिटारवर," मी म्हणाले.

"एक कोरी गिटार आत टांगलेली राहिली होती. चार महिन्यांनी खोली आवरायला म्हणून दार उघडलं, तर..."

"तर?"

"खिडकी रंगवलेली होती. ओली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"वाळू दिली." ते खाली बघत म्हणाले. "मग सही केली. पुढे आणखी एक टांगून पाहिली. तीही झाली. पण त्या वेळी दार उघडलं, तेव्हा खोकला माझ्या पाठीमागून आला. मग बंद केलं सगळं."

बहीण मेली तरी यांनी तिला सुट्टी दिली नव्हती.

मी पत्र लिहिलं. चित्रकार म्हणून आत्याचं नाव घातलं, सहीविषयीही खरं ते लिहिलं. संग्राहकाने ते वाचून माझ्याच टेबलावर ठेवलं.

"या बाईंना कोण ओळखतं?" म्हणाला. "तुमचं घरचं काही भांडण आहे का?"

गिटार घेऊन गेला. आठवड्यात दुसऱ्या कुणाकडून बाबांच्या नावाचं पत्र मिळवलं. बाबांच्या गिटार बाळगणाऱ्या आणखी तीन जणांना मी कळवलं. एकाने उत्तर दिलं, "वडिलांच्या म्हातारपणी हे शोभतं का?"

खोलीतला आवाज थांबला नाही. रोज सव्वातीनला. फस्स्स... आणि खोकला.

"निदान तिचं नाव तरी लिहिलं मी," एकदा जेवताना मी बाबांना म्हणाले.

बाबांनी घास खाली ठेवला.

"तिला नाव नको होतं," ते म्हणाले. "बाहेर यायचं होतं. दारावर थापा मारायची."

मी जेवण टाकून उठले. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खाली जाऊन ते दारच बिजागरीतून उतरवलं.

त्या दिवसापासून मागची खोली शांत आहे.

पण खोकला जिन्यात ऐकू येऊ लागला. मग वरच्या पॅसेजमध्ये. आता रोज पहाटे बाबा आतून दार वाजवतात. त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लागलेली असते. पंखा बंद असतो, बटण चालू असूनही.

घरात आम्ही दोघंच आहोत. बाबा मला विचारत नाहीत, कडी कोण लावतं. नुसते बघतात.

मी नाही लावत.

पण परवा थापा ऐकू आल्या, तेव्हा मी जागीच होते. दाराशी पोचायला सात पावलं लागतात.

मी बराच वेळ गेले नाही.