उत्तर दिल्याशिवाय गाडी हलत नाही

त्या आठवड्यात माझी झोप उडवली होती एका साध्या प्रश्नाने. एचओ घ्यावं की एन?

हसू आलं तर हसा, मीही आता हसते. एचओ आणि एन ही छंदवाल्यांच्या छोट्या रेल्वेची मापं. एचओचं इंजिन जवळजवळ वीतभर, एनचं त्याच्या निम्मं. मी दोन्हींचा तक्ता केला होता. मोटर, चाकं, सुटे भाग मिळतात का, आणि शेवटच्या रकान्यात 'गिळता येईल का'. कौस्तुभने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तो रकाना वाचला आणि म्हणाला की आपली जुईली साडेचार वर्षांची आहे, अजगर नाही.

पण खरी काळजी त्या तक्त्यात नव्हतीच. जुईली बोलत नव्हती. तीन वर्षांची होईपर्यंत तिच्याकडे पंधरावीस शब्द होते, 'आई' त्यातलाच एक. मग ते एकेक करून गेले. कान तपासून झाले, डोकं तपासून झालं, सगळं व्यवस्थित. माझी नोकरी, माझा फोन, परभणी सोडून पिरंगुटला आमचं तिघांचंच राहणं, या सगळ्याचा दोष मी आळीपाळीने स्वतःला देऊन पाहिला होता. थेरपिस्टबाईंचं सांगणं एवढंच की तिला जे आवडतं त्यातून आत शिरा. एक शब्द म्हणा, मग गप्प बसून मनात दहा मोजा. ती उत्तर देईल किंवा देणार नाही, पण तिची जागा तुम्ही भरू नका. दीड वर्ष मी दहापर्यंत मोजत होते.

तिला आवडायची रेल्वे. गालिच्यावर आडवं पडून, एक डोळा मिटून, ती कुठल्याही चाकाकडे तासभर बघायची. म्हणून इंजिन. आणि म्हणूनच भीती. चुकीचं घेतलं, ते अडखळलं, बंद पडलं, आणि तिने त्याच्याकडेही पाठ फिरवली, तर मग माझ्यापाशी काय उरणार होतं?

अशात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी निरोप टाकला. कासार आंबोलीत एक बाई नवऱ्याची छोटी इंजिनं काढून टाकतायत. वापरलेली पण जपलेली. मी शनिवारी दुपारी जायचं ठरवलं. कौस्तुभचं ऑफिसचं काम निघालं, तेव्हा जुईलीला मागच्या सीटवर बांधलं आणि मीच गाडी काढली.

श्रावणातला दिवस होता. पौड रस्ता सोडून आत वळलं की भातखाचरं लागतात, मग मधूनच एखादा शनिवार-रविवारवाल्यांचा बंगला. ढग इतके खाली आले होते की दुपारी अडीचला मी दिवे लावून चालले होते. फाटक उघडलं ते रंभाबाईंनी. तिथे कामाला असणाऱ्या, वरच्या वाडीतल्या.

"बाई वर हायेत," त्या म्हणाल्या. "चिखल लई हाय, लेकराला उचला." मग जुईलीकडे बघत राहिल्या. "बोलत न्हाई व्हय?"

आल्या आल्या हेच. मी म्हटलं, बोलेल हळूहळू. हे वाक्य मला झोपेतही येतं.

रजनीकाकू सत्तरीच्या. त्यांचे यजमान, नरहरी, रेल्वेत इंजिन चालवायचे. सदतीस वर्षं, बरीचशी घाटात. निवृत्तीनंतर इथे बंगला बांधला आणि वरच्या खोलीत स्वतःची रेल्वे. वैशाखात गेले. हे सगळं काकूंनी जिना चढता चढताच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

खोलीत शिरताच वास आला. शिलाई मशीनचं तेल, तापलेली धूळ आणि बंद कपाट. पावसाचं पाणी आत येतं म्हणून खिडक्यांना बाहेरून ताडपत्री ठोकलेली होती, त्यामुळे एका पिवळ्या बल्बचाच काय तो उजेड. खोलीभर एक टेबल. त्यावर रूळ, दोन स्टेशनं, मध्ये कागदाच्या लगद्याचा डोंगर आणि त्यातून बोगदा. लांबच्या स्टेशनापाशी भिंतीला लागून एक वेताची खुर्ची होती. जुईलीने माझा हात सोडला, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि एक डोळा मिटला.

इंजिनं तीन. एक लाल-पिवळं डिझेल, एक निळं विजेचं, आणि एक छोटं काळं, वाफेचं. सगळी एचओ, म्हणजे माझा निम्मा तक्ता तिथेच निकालात निघाला. उरलेला मी आठवून आठवून वापरला. आधी चाकं उलटी करून बघायची, काळी पुटं असली तर रुळातली वीज नीट पोचत नाही. मग मोटरचा वास घ्यायचा, जळका नको. मग सगळ्यात हळू चालवायचं. वेगात काय, कुठलंही इंजिन धावतं. जे मुंगीच्या चालीने न अडखळता जातं ते खरं. काकू कंट्रोलरचं बटण फिरवत होत्या. डिझेल चांगलं गेलं. निळं बोगद्यात जरा कुरकुरलं. काळं लांबच्या स्टेशनात, त्या खुर्चीसमोर उभं होतं. ते काही हललं नाही. काकू म्हणाल्या, ते राहू दे, ते त्यांच्याशिवाय कुणाकडून चाललेलं नाही.

मी डिझेल जवळपास पक्कं केलं. मग बोलायचं म्हणून विचारलं, काका एकटेच चालवायचे का हे सगळं?

तेव्हा काकूंनी ते सांगितलं. इंजिनात दोघं असतात. ज्याला सिग्नल आधी दिसेल त्याने तो मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. दुसऱ्याचा आवाज आल्याशिवाय पुढे जायचं नाही. झोप लागू नये, चूक होऊ नये म्हणून ही पद्धत. सदतीस वर्षांची सवय नरहरींनी या टेबलावरही सोडली नाही. ते इथून सिग्नल पुकारायचे, आणि काकूंनी खालून, पोळ्या लाटता लाटता, परत म्हणायचं.

"आठ वर्षं म्हटलं मी," काकू म्हणाल्या. "मग एक दिवस कंटाळले. म्हटलं, मला माझी कामं आहेत. ते पुकारायचे आणि वाट बघायचे. मी ऐकूनही गप्प. एकदा म्हटलं, तुम्हीच म्हणा की परत. तर म्हणाले, स्वतःच्या हाकेला स्वतःच ओ देता येत नाही, रजनी."

"मग?"

"मग काय. शेवटचं वर्षभर हे काळं तिथेच उभं राहिलं."

आणि वीज गेली.

मुळशीत पावसाळ्यात वीज जाते, त्यात विशेष काही नाही. पण ताडपत्रीमुळे त्या खोलीत जो अंधार झाला तो माझ्या ओळखीचा नव्हता. काकू म्हणाल्या, इन्व्हर्टरची वायर इथपर्यंत नाही, बॅटरी आणते, हलू नका. त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. मग फक्त पत्र्यावरचा पाऊस. मी जुईलीसाठी हात पुढे केला. टेबलाची कड लागली. जुईली लागली नाही...

"जुई," मी म्हटलं. आणि सवयीने, अगदी मूर्खासारखं, मोजायला लागले. एक. दोन. तीन...

"डिस्टंट... यलो."

आवाज टेबलाच्या त्या टोकाकडून आला. बारीक, खरखरीत, खूप दिवस न उघडलेल्या दारासारखा. माझ्या अंगावर काटा आला तो भुताच्या भीतीने नाही. खोलीत कुणी अनोळखी मूल आहे असं मला वाटलं. स्वतःच्या मुलीचा आवाज ओळखायला आईला किती वेळ लागावा? मला मोजणं विसरण्याइतका लागला.

मग ती थांबली. नुसती थांबली नाही, ऐकताना थांबतात तशी. दोन शब्दांएवढी शांतता गेली. त्या शांततेत वेताची खुर्ची करकरली, जडसं माणूस पुढे वाकल्यावर करकरते तशी.

"होम... ग्रीन," जुईली म्हणाली.

पुन्हा तेवढीच शांतता. तापलेल्या तेलाचा वास अचानक जवळ आला. मला ओरडायचं होतं, तिला उचलून पळायचं होतं. पण खरं सांगते, मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. मी ओरडले आणि ती परत मिटली तर? दीड वर्षाने कुणीतरी माझ्या मुलीला बोलतं केलं होतं. कोण, ते नंतर बघू...

"स्टार्टर... ग्रीन."

स्टार्टर म्हटलं की मला हॉटेलातलं पनीर आठवतं. हा शब्द आमच्या घरात रेल्वेच्या संदर्भात कुणी कधी उच्चारलेला नाही. शब्दामागोमाग रुळांवरून काहीतरी सरकत गेलं. इतकं हळू, की एकेक सांधा ऐकू येत होता. टक. टक. बोगद्यात शिरताना तो आवाज पोकळ झाला, पलीकडे निघाल्यावर पुन्हा भरला. मग थांबला.

वीज आली तेव्हा जुईली वेताच्या खुर्चीशेजारी उभी होती, दोन बोटं खुर्चीच्या हातावर ठेवून. काळं इंजिन माझ्यासमोर होतं, अलीकडच्या स्टेशनात. कंट्रोलरचं बटण शून्यावर. मी इंजिनाला हात लावला. कोमट होतं.

काकू दारात होत्या. हातातली बॅटरी त्यांनी लावलीच नव्हती. त्या कधीपासून तिथे होत्या, मी विचारलं नाही.

"किती सिग्नल म्हटले तिने?"

"तीन."

"तीनच आहेत या टेबलावर," काकू म्हणाल्या. "लांबचा डिस्टंट, स्टेशनात शिरायचा होम, सुटायचा स्टार्टर." मग पदराने डोळे पुसत, जरा रागाने, म्हणजे नवऱ्यावर रागावतात तशा रागाने, त्यांनी काळं इंजिन उचललं, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं, सोबत एक छोटा सिग्नलचा खांब ठेवला आणि जुईलीच्या हातात दिलं. मला म्हणाल्या, डिझेल घेऊ नकोस. ते चांगलं आहे, पण तुझ्या कामाचं नाही.

इतके दिवस चाललेली निवड अशी दोन वाक्यांत संपली. नाही म्हणावं असं क्षणभर वाटलं. शहाण्या आईने नाही म्हटलं असतं. पण मी त्या क्षणी शहाणी नव्हते, मी फक्त सुटले होते. छातीवरचं जे ओझं दीड वर्षात माझ्याच अंगाचा भाग झालं होतं ते उतरलं होतं, आणि ते कुणी उतरवलं याची चौकशी करण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं.

फाटकाशी रंभाबाईंनी विचारलं, बोललं का लेकरू? मी होकाराची मान हलवली.

"मंग न्या घिऊन," त्या म्हणाल्या. "मी वरली खोली झाडताना 'व्हय बाबा' म्हनायची, पर ते त्येंना चालायचं न्हाई. जे म्हनलं तेच परत म्हनाया लागतं."

घरी आल्यावर कौस्तुभने आधी सगळं शांतपणे ऐकलं, मग समजावलं. जुईली रेल्वेचे व्हिडिओ बघते, त्यात ऐकलं असेल. टेबलाला उतार असेल. अंधारात तू घाबरलीस. सगळं पटण्यासारखं. मग तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून आत रडत बसला. थेरपिस्टबाईंना फोन केला तर त्यांनाही आनंद झाला. पण म्हणाल्या, हे परत म्हणणं झालं. कुणी काही न म्हणता ती आपणहून आधी बोलली, की मग समजा, गाडी सुटली. तोवर घाई नको.

रविवारी सकाळी लख्ख उघडलं. मुळशीकडचे डोंगर धुऊन ठेवल्यासारखे दिसत होते. दिवाणखान्यात उन्हाचा मोठा चौकोन पडला होता, त्यात कौस्तुभने आदल्या संध्याकाळी पुण्यातून आणलेले नवे रूळ गोल जोडले आणि कंट्रोलर लावला. मी फडक्याने काळ्या इंजिनाची चाकं पुसली आणि ते रुळावर ठेवलं. सिग्नलचा खांब जुईलीने स्वतः लावला. घरात इडलीचा वास, खाली वॉचमनचा रेडिओ, आणि मला वाटत होतं की इतक्या उजेडात भिण्यासारखं काही उरूच शकत नाही. जुईलीने कंट्रोलर मांडीवर घेतला आणि सिग्नलकडे बघितलं. मी काही बोलले नाही. कौस्तुभ काही बोलला नाही.

"स्टार्टर, ग्रीन," जुईली म्हणाली.

आपणहून. आधी. कुणाच्याही मागून नाही. कौस्तुभने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. ती आता दुसऱ्याची वाट बघणार, हे मला कळलं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा ते उत्तर देण्याची पाळी माझी होती. मी दहा मोजले नाहीत. तिच्याजवळ सरकले आणि म्हटलं, "स्टार्टर, ग्रीन."

जुईलीचा अंगठा बटणावरच होता. तिने तो फिरवला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मध्येच बोलणाऱ्या माणसाकडे बघतात तसं, समजूतदारपणे. मग मान वळवून माझ्या मागे, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि म्हणाली, "तू नाही, आई. थांब जरा. त्यांनी अजून म्हटलं नाही."