टाकीला नैवेद्य

खंडेनवमीला महाळुंग्याच्या आमच्या कारखान्यात सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार घातले होते. जिवाणू वाढवायच्या माझ्या टाकीजवळ मात्र एक अनोळखी तरुण उभा होता. कपाळावर कुंकू, हात साखरेच्या पाकाच्या व्हॉल्व्हवर.

"काय करताय?"

"नैवेद्य दाखवतोय, सुमेधा मॅडम. सणाला सगळ्यांना गोडधोड, आणि हे जिवाणूच बिचारे उपाशी… म्हणून मघाशी जरा जास्त सोडला पाक. मी निमिष, बॉयलरवरचा. इथला माणूस आज रजेवर आहे."

माझं डोकं सणकलं.

"हे साखर फोडतात आणि तिच्याच तुकड्यांतून पिवळं बी-टू जीवनसत्त्व घडवतात. पण थेंबाथेंबानं दिली तर. एकदम ओतली की नुसते हावरटासारखे खातात आणि आंबट पाणी करून ठेवतात. संध्याकाळपर्यंत टाकी पिवळी झाली नाही तर साहेब हा विभाग बंद करणार आहेत. माझी तीन वर्षं आहेत त्यात."

त्याचा चेहरा उतरला. मला दया आली नाही.

मी पाक बंद केला, हवा वाढवली. साखर संपली की हे जिवाणू आपणच केलेलं आंबट पिऊन टाकतात – आता तेवढीच आशा.

"मी काय करू?"

"काही करू नका. जमतंय का बघा."

शिफ्ट सुटली, कंपनीची बस गेली. तो गेला नाही. नमुन्याची बाटली खिडकीशी धरून बघत राहिला. अजून दुधट.

"चहा आणू?"

"नको."

"मग थोडं रागवा तरी. गप्प बसलात की जास्त भीती वाटते."

"राग पण थेंबाथेंबानंच मिळेल."

हसू आलं, म्हणून मी तोंड फिरवलं.

आंबटपणा उतरला तेव्हा व्हॉल्व्हवर मी त्याचाच हात ठेवला आणि वर माझा. "एवढंच."

"एवढंच," तो हळूच म्हणाला. व्हॉल्व्ह फिरवून झाला, हात मात्र…

ऊन कललं तेव्हा बाटलीत झेंडूच्या पाकळीचा पिवळा रंग उतरला होता. मी बाहेर येऊन बाकावर बसले. त्याने कागदाची पुडी उघडली. आत अर्धा पेढा.

"अर्धाच?"

"एकदम सगळं द्यायचं नाही. आजच शिकलो." तो घुटमळला. "उद्या दसरा, सुट्टी. उरलेला कुठं आणू?"

माझा राग अजून गेला नव्हता. म्हणून चिंचवडचा पत्ता मी जरा चढ्या आवाजातच सांगितला.