झुंबरची थाप

दार ओढून घे गं मेघना. अन् आयकायचं असंल तर मधी हसायचं न्हाय. आपण बुद्धाची माणसं, भूतबित मानत न्हाय. मीबी मानत न्हाय. पण धम्मदीप माझा सख्खा भाचा, अन् त्यो खोटं बोलत न्हाय.

सात मार्च अठ्ठ्याण्णव, शनिवार. धम्मदीप सांजच्याला इंदापूरला गेला अन् गायक बाजीरावतात्यांना मोटारसायकलवर बसवून कन्हेरीला आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत घेऊन आला. सोमवारी पुण्यात तात्यांच्या गळ्याचं ऑपरेशन व्हतं. आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टरनं सांगितलेलं. लेकीसाठी एक गाणं टेपवर ऱ्हावं, एवढीच त्यांची इच्छा.

त्यांचा ढोलकीवाला झुंबर चार म्हैन्यांमागं वारला व्हता. म्हणून धम्मदीपनं कॉम्प्युटर लावला. त्यात आकडा टाकला की हेडफोनवर एका मापात टिकटिक वाजती, अन् गायक त्या मापानं गातो. तात्या वैतागले.

"ही टिकटिक न्हाय सोसत मला. झुंबर पायजे."

मग धम्मदीपनं झुंबरच्या जुन्या कॅसेटमधली एक थाप कापली अन् टिकटिकीच्या जागी बसवली. शहाणपणा नडला बघा.

रात्री पावणेबारा. टेप फिराया लागली. आकडा नव्वद, म्हंजी मिनिटाला नव्वद थापा. पहिलं कडवं झ्याक झालं. दुसऱ्याला दोघांच्याबी हेडफोनवर थाप मंदावली.

धम्मदीपनं पडदा बघितला. नव्वदच.

"तात्या, थांबूया."

तात्या थांबंनात. डोळं मिटलेलं. थापंसंगं आवाज मंदावला... मग श्वास. एक थाप, एक श्वास. बराच येळ काय न्हाय... मग एक थाप.

धम्मदीपनं कॉम्प्युटरची पिन उपसली. पडदा काळा.

थाप चालूच.

"बंद करून बी, आबा?"

बंद म्हंजी बंद, पोरी. तरी चालूच.

तात्यांचं व्हट निळं पडलं. "आलो रं झुंबर..."

धम्मदीपनं त्यांचा हेडफोन हिसकला, भिंतीवर हाणला. तात्या कोसळले... अन् खोकले. वाचले. दुसरं कडवं अर्ध्यातच ऱ्हायलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. आवाज गेला. पंधरा दिसांनी लेकीनं, रश्मीनं, टेप लावली. पहिलं कडवं. दुसरं... पुरं. मग तिसरं. बापाच्याच आवाजात, शेवटापत्तुर.

रश्मी रडाया लागली. तात्या शेजारीच बसलेले, गळ्याला पट्टी. त्यांनी कागद वढला.

लिवलं, "तिसरं मी गायलो न्हाय."