मागच्या सीटवरचा भुंगा

खोटं वाटेल. वाटू दे.

पण हे घडलंय, आणि ज्यांच्यावर गुदरलं ते माझे सख्खे मामा आहेत. रात्रीबित्रीची गोष्ट नाही. चांगली लख्ख दुपार होती. उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागलेली आणि हमरस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मामांचं सगळं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं. लोक त्यांना उस्ताद म्हणतात. त्या दिवशी लेकीच्या दोन्ही मुलांना ते आजोळी घेऊन निघाले होते. नात मोठी, घरात सगळ्यांची ताई. नातू धाकटा. दिवसभर तोंडाने गुणगुण चालू, म्हणून त्याचं नाव भुंगा.

सकाळीच दोघांची जुंपली होती. शेवटी उस्तादांनी वैतागून मागच्या सीटवर मधोमध बॅगा आणि उशा रचल्या. पार छतापर्यंत.

"आता तू तुझ्या देशात, ती तिच्या देशात. सीमा ओलांडली तर टपावर बसवीन!"

उस्तादांची एक सवय होती. ट्रकवर असताना क्लीनरने मागून पत्र्यावर थाप मारली की निघायचं. मान वळवायची नाही. गाडी लहान झाली, तरी सवय तीच. पोरांनाही तेच शिकवलेलं. बसलात की माझ्या सीटच्या पाठीवर थाप मारा. ताईची एक, भुंग्याच्या दोन.

वाटेत एका पेट्रोल पंपावर ते थांबले. पोरं बाथरूमला जाऊन आली. उस्तादांनी टायरची हवा बघितली आणि आत बसले.

"बसलात का रे?"

थाप.

मग जरा वेळाने… थाप थाप.

उस्तादांनी गाडी काढली.

पंप बराच मागे पडला, तेव्हा त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. इंजिनाचा आवाज होता. वाऱ्याचा होता.

गुणगुण नव्हती.

"भुंग्या, झोपलास का?"

थाप थाप.

"मग रुसलायस का?"

थाप थाप… या वेळी जोरात. उस्तादांची पाठ पुढे ढकलली गेली.

"अरे, आबाचा मणका मोडशील! ताई, बघ गं तो काय करतोय."

"मी नाही बघणार. सकाळी एवढं छान पेनाने घड्याळ काढून दिलं त्याच्या हातावर, तरी भांडला माझ्याशी." ताईने तोंडावर ओढणी ओढून घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. उस्तादांनी स्पीकर चालू केला.

"काका, पंपावरून बोलतोय, मघाशी पेट्रोल भरलं तो. अहो, तुमचा मुलगा इथेच राहिला! रडून रडून बेजार झालाय. नंबर त्यानेच सांगितला."

आणि पाठोपाठ फोनमधून हुंदका… "आबा, तुम्ही मला सोडून गेलात!"

आवाज भुंग्याचा होता.

उस्तादांची नजर वर गेली. आरशात उशांशिवाय काही दिसत नव्हतं.

मागे सगळं शांत होतं.

मग… थाप थाप.

"आबाऽऽ!"

ताई किंचाळली. उशांमधून एक हात आला होता. लहानसा. मनगटावर निळ्या पेनाने काढलेलं घड्याळ. त्या हाताने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं काचेवर आपटलं. एकदा. पुन्हा. काच तडकली. रक्ताची धार तिच्या कानावरून खाली आली.

उस्तादांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी फरफटत कडेच्या खड्ड्यात उतरली. सीटखालचा लोखंडी पाना उचलून ते बाहेर पडले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. बॅगा ओढून रस्त्यावर फेकल्या.

आत भुंगा होता.

तोच सदरा. तोच पुढचा पडका दात. तो ताईच्या छातीवर बसून दोन्ही हातांनी तिचा गळा आवळत होता. आणि आबांकडे बघून हसत होता.

उस्तादांनी त्याला खांद्याला धरून खेचलं. जागचा हलला नाही. एवढंसं पोर, पण रुतलेला ट्रक ओढावा तसं झालं. ताईचे ओठ काळेनिळे पडले. पायांची धडपड थांबत आली.

उस्तादांचा हात वर गेला, पण खाली येईना. समोर त्यांचं लाडकं नातवंड होतं हो!

ताईचे डोळे पांढरे झाले.

त्यांनी पाना घातला. मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आला.

"आबा, नको!" भुंगा ओरडला.

पण समोरचा तर तोंड मिटून हसत होता. आवाज पुढून आला होता, फोनमधून. फोन चालूच होता.

पकड सुटली नव्हती. उस्तादांनी डोळे मिटले आणि दुसरा घाव घातला.

डोळे उघडले तेव्हा ताई खोकत होती. शेजारची जागा रिकामी. पलीकडचं दार आतून बंद होतं.

आणि पान्यावर रक्त होतं.

उस्तादांनी गाडी कशी खड्ड्याबाहेर काढली आणि कशी मागे हाकली, ते त्यांनाच आठवत नाही. पंपावर पोहोचले, तर पेट्रोल भरणारा पोरगा पांढराफटक पडून उभा. बाकावर भुंगा बसलेला. मनगटाला फडकं गुंडाळलेलं, लालभडक झालेलं. खाली हात लोंबत होता.

"काका, शप्पथ, मी त्याला हातही लावला नाही! तुमच्याशी बोलता बोलता फोन गळून पडला याच्या हातातून. इथे दुसरं कोणी नव्हतं हो."

डॉक्टर म्हणाले, जड वस्तूचे घाव आहेत. दोन.

ताईच्या गळ्यावर लहान बोटांचे वळ होते. आबांनीच मला वाचवलं, असं ती आजही छातीठोकपणे सांगते. पण लेक तेव्हापासून मुलांना आजोळी पाठवत नाही. तिला तरी काय बोलणार? मामांना विचारावं, तर ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. हे लिहिताना मलाही दार लावून बसावंसं वाटलं.

कारण भुंग्याने त्या दिवशी त्यांना एकच गोष्ट विचारली होती. ते त्याला उचलायला वाकले, तेव्हा तो अंग चोरून बाकाच्या टोकाला सरकला.

"आबा, मी नको म्हणालो होतो ना… मग परत का मारलंत?"