घंटा वाजवायला सांगा

दार लावा पोरींनो, आणि जवळ सरका. मेहिटबल माझी शेजारीण. तिनं सांगितलं आणि मी डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते, पदरचं काही नाही.

सतराशे सत्तेचाळीसच्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. मेहिटबल संध्याकाळी गव्हर्नर टिलिंगसाहेबांचे धुतलेले सदरे पोचवायला निघाली. थंडी होती, वारा नव्हता. नेहमीचंच काम.

डोक्यात मात्र दुसरंच. तिचा नवरा गिडियन साहेबांच्याच गलबतावर काकवी आणायला दूर दक्षिणेच्या बेटांकडे गेला, त्याला दोन वर्षं झाली. ना गलबत, ना निरोप. आणि आपल्या न्यूपोर्ट बंदराची रीत ही अशी! गलबताच्या मालकानं 'बुडालं' म्हटल्याशिवाय चर्चची घंटा वाजत नाही, आणि घंटा वाजल्याशिवाय बाईला काळे कपडे घालता येत नाहीत. धड ना बायको, ना विधवा. पाद्री म्हणे, मालकाला विचार. मालक म्हणे, येईल. तक्रार करावी तर गव्हर्नराकडे, आणि गव्हर्नर तोच! डोकं आपटायला भिंतसुद्धा त्याचीच.

साहेबांनी स्वतः दार उघडलं. हातात मेणबत्ती.

"सदरे ठेव आणि जा, बाई."

"घंटा वाजवायला सांगा, साहेब. मग जाते."

"पुन्हा तेच? उशीर होतो गलबतांना."

"दोन वर्षं? गोगलगायी जुंपल्यात काय?"

"तोंड सांभाळ! बुडालं म्हटलं, तर उद्या माझ्या गलबतावर कोण माल चढवील?"

"आणि मी? मी मेलेल्याची वाट बघत म्हातारी होऊ?"

साहेब काही बोलणार... आणि थांबले. नजर तिच्या खांद्यावरून मागं गेली.

साहेब एक पाऊल मागं सरले.

ती वळली. रस्ता रिकामा. खाऱ्या पाण्याचा वास तेवढा... अगदी जवळ.

"कोण दिसलं, साहेब?"

ओठ हलले. आवाज नाही.

"नाव घ्या! एकदा त्याचं नाव घ्या!"

दार लागलं. आतून कडी पडली.

तिनं मुठी आपटल्या, शिव्या घातल्या. दार उघडलं नाही.

सकाळी कळलं, साहेबांची वाचा गेली, लिहिता हातही गेला. पाद्री म्हणाला, मालक बोलेपर्यंत थांबावं लागेल. थांबा म्हणे! मेहिटबलनं कुणाला न विचारता काळे कपडे घातले आणि मला घेऊन साहेबांच्या दाराशी गेली.

तिथं नोकर सुरी घेऊन काहीतरी खरवडत होता.

"निघत नाही हो मावशी," तो मला म्हणाला.

मी वाकून पाहिलं. दाराच्या लाकडावर शिंपले... बारीक, पांढरे. गलबताच्या बुडाला पाण्याखाली वर्षानुवर्षं चिकटून वाढतात ना, तसले. ओले. जिवंत. आकार मात्र हाताचा: तळवा, आणि पाच बोटं.

मेहिटबल आदल्या संध्याकाळी उभी होती तिथंच जाऊन उभी राहिली.

तो पंजा बरोबर तिच्या खांद्याच्या वर आला... मागून कुणी हात लांब करून दाराला टेकवावा, तसा.